चारुदत्तच्या सिनेमाचा शेवट

चारुदत्त प्रधान त्या जुन्या सिनेमाचा शेवट दाखवत नाही, कारण शेवटी नायक कर्नलच्या मुलीचा भलामोठा मुका घेतो, अशी कुजबुज सिंगापूरच्या सेम्बावांगमधल्या आम्हा मराठी मंडळींत होती. मीठमसाला अर्थातच माझा.

चारुदत्त बँकेतून निवृत्त झालेला, आवाज न चढवणारा माणूस. कुणाचा मुलगा सक्तीच्या नॅशनल सर्व्हिससाठी लष्करात निघाला, की त्या घराला फ्लॅटवर बोलवायचा. नीतावहिनींचे बटाटेवडे आणि हॉलिवूडच्या बाळपणातला एक कृष्णधवल सिनेमा. वाळवंटातला किल्ला, उंटावरून उलटा पडणारा सार्जंट, कर्नलच्या मुलीवर लट्टू झालेला बावळट शिपाई. घाबरलेली पोरं खो खो हसायची. लढाईच्या आदल्या रात्री तो शिपाई बायकी झगा घालून पळतो, तिथंच चारुदत्त टीव्ही बंद करायचा. "संपला. चला, चहा घ्या."

गेल्या महिन्यात सुलेखाचा तन्मय निघाला. मी तिच्या कानाला लागलो, "आज शेवट बघूनच जा." तिनं रिमोट पर्समध्ये टाकला.

"सुलेखा, दे तो इकडे."

"काका, या वयात एका मुक्याला काय घाबरता?"

"चिल ला, अंकल," तन्मय म्हणाला.

"बंद कर म्हणतो ना." चारुदत्त ओरडला. चारुदत्त, आणि ओरडला. आम्ही चाटच पडलो, रिमोट कुणाला आठवतोय. तोवर सिनेमा पुढे गेला होता. लढाई संपली. शिपाई वाळवंट तुडवत परत आला, फाटक ठोठावू लागला. तटावरून मुलगी बघत होती. कर्नलनं मान हलवली. फाटक उघडलं नाही. मुका नव्हताच.

चारुदत्त भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"यांचं सोडा," नीतावहिनी म्हणाल्या. "अंकुरची आठवण येते."

अंकुर त्यांचा मुलगा. पुण्यात बडा साहेब, आईबापांसाठी सवड नाही, असं मी चारचौघांत कितीदा तरी म्हणालो होतो. हातातला वडा हातातच राहिला. पुढचं वहिनींनीच सांगितलं.

लष्कर चुकावं म्हणून चारुदत्तनं अंकुरला लहानपणीच पुण्याला पाठवलं आणि त्याचं इथलं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, सोडून दिलं. मोठेपणी आईवडिलांजवळ राहता यावं म्हणून अंकुरनं इथं नोकरी मिळवली. लष्कर चुकवलेला म्हणून सरकारनं कामाचा पास नाकारला. म्हणून चारुदत्तला तो शेवट बघवत नाही.