चादरीचं दुसरं टोक

रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला सगळे ‘काठी’ म्हणत. उंच, किडकिडीत आणि बोलायलाही तशीच सरळसोट. तिची जोडीदारीण ‘बुटकी’. दोघींनी मिळून आयुष्यभर चादरींच्या घड्या घातल्या होत्या. मोठी चादर एकटीच्या हातांत मावत नाही; दोघी दोन टोकं धरतात, ताणतात, झटकतात, आणि एकीनं ‘ये’ म्हटलं की दुसरी चालत येऊन आपली टोकं तिच्या हातात देते. सासवांच्या कुरबुरी, मुलांची लग्नं, गुडघेदुखी, सगळं या चादरीवरूनच इकडून तिकडे जायचं.

या ‘ये’नंच घात केला. नवे मॅनेजर पाहणीला आले त्या दिवशी बुटकी पाणी प्यायला गेली होती. चादर जमिनीला लागतेय असं पाहून साहेबांनी बिचाऱ्यांनी दुसरं टोक उचललं. काठीचं तोंड चादरीआड. पलीकडे कोण आहे ते तिला काय ठाऊक!

“ये,” ती म्हणाली. कोणी येईना. “अगं ये की! पायांना मुंग्या आल्या का तुझ्या?”

साऱ्या धुलाईघरात हशा पिकला. नुकतीच दारात येऊन उभी राहिलेली बुटकी तर पोट धरधरून हसली. साहेबही हसले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण उठता बसता ‘या साहेब’ ऐकायची सवय झालेल्या माणसाला ‘अगं ये’ पचणार कसं? दुसऱ्या दिवशी काठीला फाटकावरच कळलं, उद्धट वर्तनाबद्दल तिला कामावरून काढलंय.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. काठीनं शहाणपण घरी ठेवलं आणि चढली. वकीलबाईंना एकच साक्ष हवी होती. ‘ये’ हा आमचा रोजचा कामाचा शब्द आहे, एवढंच बुटकीनं सांगायचं होतं. बुटकी आली, मान खाली घालून उभी राहिली आणि म्हणाली, “मशिनचा आवाज होता. मला काही ऐकू आलं नाही.”

खटला रेंगाळला. मध्येच रुग्णालयाचा निरोप आला, भरपाई घ्या आणि विषय संपवा. नवऱ्याला ते पटलं. तो बिचारा घरच्या चादरींना दुसऱ्या टोकाला उभा राहायचा, पण चादर ताणायच्या आतच चालत सुटायचा.

“अहो, गाडी चुकतेय का तुमची?”

“मग कधी यायचं ते सांग.”

“सांगतेच की. पण तिला सांगायच्या आधी कळायचं.”

जिनं ऐन वेळी तोंड फिरवलं, तिचेच हात काठीला हवे होते. स्वतःचाच संताप यायचा, तरी हवे होते. दुसऱ्या दिवशी तिनं वकीलबाईंना सांगून टाकलं, “भरपाई नको. मला माझी जागा द्या.”

अखेर निकाल लागला. चौकशी न करता काढलं हे गैर. बाईंना पूर्वीच्याच कामावर, पूर्वीच्याच जागी परत घ्यावं, नोकरीत खंड धरू नये.

परतली त्या सकाळी मुकादम हळूच म्हणाला, “हवं तर जोडी बदलून देतो.”

“कोर्टानं पूर्वीची जागा म्हटलंय,” काठी म्हणाली आणि टेबलापाशी गेली. बुटकीनं दुसरं टोक उचललं. हात काहीच विसरले नव्हते. घडीवर घडी पडत गेली.

बऱ्याच वेळानं बुटकी म्हणाली, “मला ऐकू आलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“माझीही नोकरी गेली असती गं. घरात मिळवणारी मी एकटी.”

“तेही ठाऊक आहे.”

आता आपल्याला रडू येईल, आपण तिच्या गळ्यात पडू, असं काठीला वाटलं. तसं काही झालं नाही. तिनं पुढची चादर ओढली.

“लेक बरी आहे ना तुझी?” बुटकीनं विचारलं.

“बरी आहे.”

लेक सासरी भांडून घरी येऊन बसली होती, कोणाशी बोलत नव्हती. काठीला ते साऱ्या जगात एका बुटकीलाच सांगायचं होतं. आणि बुटकी समोर, चादरीएवढ्या अंतरावर उभी होती.