कडबा पचला असता तर

वासरू दोन घोट प्यायलं, गाय पान्हवली, आणि लगेच दूधवाल्या शेवंताबाईंनी त्याला ओढून खुंट्याला बांधलं. मी भांडं घेऊन उभा होतो. कळवळून म्हणालो, "अहो, पिऊ द्या की त्याला पोटभर!"

"मग भाऊ, तुम्ही कडबा खावा," धार काढता काढता त्या म्हणाल्या.

मीही असा शहाणा, की एक धाट खरंच चघळलं. जबडा दुखला, चोथा थुंकला. हा चोथा फोडणारे सूक्ष्म जीव गाईच्या पोटात बिऱ्हाड करून असतात. माझ्या पोटाला ती सोय नाही. म्हणून कडबा तिनं पचवायचा आणि दूध मी प्यायचं. माणसाच्या आतड्यातल्या एवढ्याशा उणिवेपायी किती वासरं उपाशी हंबरत असतील!

"नेहमीचं अर्धा लिटर ना?" शेवंताबाईंनी विचारलं.

"एक द्या," मी म्हणालो. "आज खीर करायचीय."