मापाचा दुधी

सायकलवरून भाजी आणायची, तर कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पक्क्या पिशव्या हव्यात. दुकानातल्या तयार पिशव्या मला पटेनात. दिसायला देखण्या, पण बटाटे भरले की उसवतील अशा. शेवटी रिक्षांचे हूड शिवणाऱ्या रफीकभाईंना गाठलं. बायका शिंप्याकडे मापाचा ब्लाउज देतात, तसा मी मापाला मंडईतला सर्वांत लांब दुधी घेऊन गेलो.

त्यांनी अजिबात न हसता दुधीला टेप लावला, ताडपत्रीवर खडूची रेघ मारली आणि म्हणाले, "राहू द्या इथेच. शिवताना लागेल."

आठवड्यानं पिशव्या तयार झाल्या. रफीकभाईंनी शिवण दोन्ही हातांनी ओढून दाखवली. "काका, तुम्हाला-मला पुरून उरतील."

"आणि माझा मापाचा दुधी?"

"तो जून व्हायला लागला होता. बायकोनं चणाडाळ घालून भाजी केली. झकास झाली होती!"

परतताना माझं मलाच हसू येत होतं. मेथी संध्याकाळपर्यंत मान टाकते, टोमॅटो चार दिवसांत मऊ पडतात, आणि त्यांना घरी आणायला मला जन्मभराची पिशवी हवी होती. जेवायचं मात्र न टिकणारंच.

वाटेत मंडईत थांबून तेवढाच लांब दुधी घेतला. पिशवीत तो देठापर्यंत अलगद बसला. आता काळजी एकच होती, घरी चणाडाळ आहे की संपली?