साहेबाची शांत

आमच्यावर नजर ठेवायला आलेला माणूस हिरड्याचा व्यापारी बनून आला, आणि तोही भर श्रावणात. श्रावणात मुळशीत समोरचा डोंगर दिसत नाही, तिथं हिरडा कुठला दिसायचा? बरं, मिळालाच तर वाळवायचा कुठं, चुलीवर? ओसरीवर टेकून त्यानं मला विचारलं, वहिनी, इकडं ताजा हिरडा मिळेल का. मी म्हटलं, मिळंल की, वैशाखात या. तो कसनुसा हसला आणि प्यायला पाणी मागितलं. तो वळणाआड गेल्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, पोलीस हाय त्यो, पायातलं बूट न्हाई का बघितलंस? संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं.

पोलिसांचं आमच्या घराला नवल नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी तुरुंग बघून आलेले. पण ते इंग्रजाच्या राज्यात. आता राज्य आपलं, आणि म्हातारा कुणाच्या विरुद्ध बोलतही नव्हता. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. बाजाराच्या दिवशी मामंजी पौडाला जायचे, एसटीची वाट बघत लोक चिंचेखाली बसलेले असायचे, त्यांच्यापुढं उभे राहून बोलायचे. लढाई नको, बॉम्ब कुणाचाच नको, चिनी शिपायालाही आई असते. एवढंच. एकदा एकानं सुनावलं की आपली पोरं तिकडं बर्फात मेली आणि तुमी चिन्याची आई काढता व्हय? मामंजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मेली म्हणूनच सांगतोय बाबा. मग एसटी आली आणि सभा संपली. सभा अशीच संपायची, एसटी आली की.

खरं सांगायचं तर मन लावून ऐकणारा एकच, तो हिरडेवाला. बाकीचे जांभया देत, पिशव्या सांभाळत बसलेले. हा मात्र एक शब्द सोडत नसे. मला त्याचं फार कुतूहल वाटायचं. समोर कधी लिहायचा नाही, मग एवढं लक्षात ठेवायचा कसा? नेऊन कुणाला सांगायचा? आणि ज्याला सांगायचा तो पुण्यात खुर्चीवर बसून आमच्या म्हाताऱ्याचं बोलणं वाचून काय करायचा, हसायचा की झोपायचा? पाणी प्यायला आला तेव्हा मी सरळच विचारलं, की मी बोलते तेपण तुम्ही वर कळवता का. त्याचे कान लालभडक झाले. म्हणाला, वहिनी, तुम्ही काही बोलू नका म्हणजे झालं. मला हसू आलं. मी आणि बोलायची नाही? माहेरी माझं नावच साळुंकी होतं.

पण त्या हसण्याखाली एक धाकधूक होती, ती सांगायला हवी. आमचे हे फिटरचं काम शिकले होते आणि पुण्याजवळच्या एका सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची निवड झाली होती. आता फक्त पोलिसांची चौकशी राहिली होती. तेवढी नीट पार पडली की नोकरी, आणि नोकरीबरोबर राहायला खोली, खोलीच्या दारात नळ. हसू नका, मला त्या नळाचं वेड लागलं होतं. मुळेच्या पात्रातून हंडे आणून आणून माझी मान दुखायची, आणि कडेवर दोन वर्षांची पोर. नळ सोडला की पाणी, सोडला की पाणी, असं मी मनात म्हणत घाट चढायचे.

एका रविवारी ह्यांचा धीर सुटला. बाहेर धो धो पाऊस, वाऱ्यानं पाणी आत येतं म्हणून दार ओढून घेतलेलं. जेवता जेवता ते वडलांना म्हणाले, "दादा, माझ्या पोटावर पाय आणू नका. चौकशी होईस्तवर तरी तोंड आवरा." मामंजींचा घास हातातच राहिला. म्हणाले, तू गोळे कर, मी तुला अडवत न्हाई, पण मी काय बोलायचं ते मला ठरवू दे. आत्याबाई म्हणाल्या, बापलेकांनी भाकरीवर भांडू नये. तेवढ्यात पोरगी रडायला लागली.

पुढं जे झालं ते एका शब्दापायी झालं. मामंजी अधूनमधून वरच्या वाडीला जायचे. डोंगरावरची धनगरांची वाडी ती. तिथं त्यांनी बॉम्बची गोष्ट सांगितली. एकच टाकला की आख्खं शहर जळतं, जगातल्या मोठ्या साहेबांकडं तसले बॉम्ब आहेत, आता जगात शांती पाहिजे. तिथल्या एका म्हातारीनं फार मनावर घेतलं. तिच्या लेखी शांती म्हणजे आपली शांत. पोर मुळावर जन्मलं की शांत, घर बांधलं की शांत. ग्रह वाकडे झाले की नारळ-तांदूळ घेऊन शांत करायची, एवढं तिला पक्कं ठाऊक. साहेब लोक बॉम्ब उडवायला निघालेत म्हणजे त्यांचे ग्रहच फिरलेले, यात तिला शंका नव्हती. ती म्हणाली, मग त्या साहेबाची शांत करा की. मामंजींना हसताना ठसका लागला. म्हणाले, तूच कर बाई, तुझ्या हातनं होऊ दे. आणि म्हातारीनं खरंच येत्या अवसेला नारळ फोडायचं ठरवलं.

हिरडेवाला वाडीवर पोचला तेव्हा म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. कशाची तयारी, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, अवसेला साहेबाची शांत करायचीय, म्हातारबानं मला सांगितलंय. कपाळ माझं, नेमका त्याच आठवड्यात धरणावर कुणी मोठा साहेब यायचा होता.

दोन दिवसांत मामंजींना सरकारी बंगल्यावर बोलावणं आलं. ह्यांनी तिथं दिसू नये म्हणून मी सोबत गेले. पुण्याहून आलेला साहेब वयानं पोक्त, बोलायला गोड. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. हिरडेवाला भिंतीशी उभा. साहेबानं वाचून दाखवलं की अमावस्येला साहेबाला शांत करणार आहेत, म्हाताऱ्याचा तसा हुकूम आहे. मला आधी कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर आलंच.

"ला न्हाई साहेब," मी म्हटलं, "ची. साहेबाची शांत. साहेबाला शांत म्हणजे खून झाला की वो."

मग मी सगळं समजावून सांगितलं, म्हातारी, मूळ नक्षत्र, नारळ, तांदूळ. साहेब बघत राहिला आणि मग तोही पोट धरून हसला. चहा मागवला. हिरडेवाल्याकडं बघून म्हणाला, अरे, व्याकरण शिका जरा. त्या बिचाऱ्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, सुटलो, आता नळ आपलाच.

मामंजी मात्र हसले नव्हते. त्यांनी विचारलं, मग आता माझ्यावरचं बालंट गेलं का?

"बालंट कुठलं, गुन्हा काहीच नाही बाबा," साहेब म्हणाला. "पण नोंद आहे."

"गुन्हा न्हाई तर नोंद कशाची?"

"तुम्ही बोलता त्याची."

हे त्यानं इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. नंतर मी त्याच्यावर पुष्कळ विचार केला आहे. चोरी केलेल्या माणसाला शिक्षा भोगून सुटता येतं. ज्यानं काही केलेलंच नाही त्यानं सुटायचं कशातून?

साहेब पुढं म्हणाला की तुम्ही एक वर्ष बाजारात बोलू नका, मुलाच्या कागदावर मी चांगला शेरा मारतो. मग मायेनं, अगदी घरच्या वडीलधाऱ्यासारखं म्हणाला, "मुलगाही तेच सांगतोय ना तुम्हाला? पोटावर पाय आणू नका म्हणाला तो. ऐका त्याचं."

मामंजींनी कपबशी खाली ठेवली. मी हिरडेवाल्याकडं पाहिलं. तो खाली बघत होता. त्या रविवारी तो गावातच नव्हता, नदीला पूर होता आणि एसटी बंद होती, हे मला पक्कं आठवत होतं.

मी मनात देवाचा धावा करत होते. म्हणा हो म्हणा, एक वर्षच तर आहे, चिंचेखालचे लोक तसेही ऐकत नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "मी गप बसलो, तर ह्यो तुमचा मानूस यायचा थांबंल का?"

"तो येणारच," साहेब म्हणाला. "तुम्ही बोलत नाही हे बघायला."

"मग त्यानं एवढ्या लांबनं यायचं आणि ऐकायचं काय? मी बोलतो साहेब."

झालं. एवढ्यात माझा नळ गेला. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोलले नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी ते पुसतही नव्हते, त्यांना दिसावं म्हणून. संतापानं अंग पेटलं होतं. तरी आत कुठंतरी, त्यांनी हो म्हटलं नाही याचं बरंही वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचाही राग येत होता. ओढ्यापाशी ते थांबले, मला पुढं जाऊ दिलं आणि मागून म्हणाले, "सूनबाई, घरात बोललेलं त्याला कसं कळलं गं?"

तिथून पुढं मला नळ आठवला नाही. हाच प्रश्न डोक्यात भुणभुणायला लागला. भिंतीला कान असतात म्हणतात, पण आमच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाड, आणि वर पावसाचा असला आवाज, की ओसरीवरच्या माणसाला आतलं काही ऐकू जायचं नाही. आत आम्ही चौघं आणि पोरगी. ह्यांनी पुण्यात कुणाजवळ मन मोकळं केलं असेल? आत्याबाई नदीवर धुणं धुताना बोलल्या असतील? मी कुणाशी बोलले होते का? आठवून आठवून डोकं शिणलं. ते मला आजतागायत कळलेलं नाही.

घरी हे ओसरीवर वाट बघत होते. काय झालं, त्यांनी विचारलं. आमच्याकडं दिवसाढवळ्या दार लावायची रीत नाही, घरात कुणी गेलं तरी दार उघडं असतं. मी त्यांना आत बोलावलं, मामंजी आत आले, आणि मी दार लावून कडी घातली. माझं मलाच नवल वाटलं.

"गेली ना नोकरी?" हे म्हणाले. कडीवरूनच त्यांना कळलं. मी मान हलवली. ते खाली बसले. मग मी अगदी हळू आवाजात, साहेबानं ह्यांचे रविवारचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले ते सांगितलं. सांगता सांगता माझी नजर चुलीकडं गेली. मला लेकीसारखं वागवणाऱ्या आत्याबाई तिथं भाकरी थापत होत्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले, आत्याबाईंनीच तर सांगितलं नसेल, असं मनात येऊन.

त्यांचा हात परातीत थांबला होता. त्याही माझ्याकडं तसंच बघत होत्या.