चौसाळ्याची करडं

चावडीपुढच्या लिंबाखाली गावातले सतरा बोकड बांधले होते आणि माझ्या हातात खच्ची करायचा चिमटा होता. सोळा उरकले होते. सतरावा गयाबाईचा. ती त्याचं दावं धरून उभी होती आणि सोडायला तयार नव्हती.

"ह्यो एक ऱ्हाऊ द्या, सायब," ती म्हणाली.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. निजामाच्या राज्यात, केज तहसिलीत, सलोत्री म्हणून नेमलेला. सलोत्री म्हणजे जनावरांचा डॉक्टर. गाव नांदूरघाटाजवळचं. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या लोकांची नातवंडं आज शिकलेली आहेत, हे वाचतील, आणि मला लाज वाटते. एवढ्या वर्षांनीही वाटते, म्हणून तर लिहायला बसलो.

तो चिमटा परदेशातून आलेला होता. पूर्वी बोकड खच्ची करायचा म्हणजे दोन काठ्यांत धरून ठेचत. जनावर केकाटून अर्धमेलं व्हायचं. नव्या चिमट्यानं कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, आतली शीर तेवढी चेपते. जिल्ह्यात असे चिमटे थोडेच होते आणि त्यातला एक माझ्याकडे, याचा मला भारी तोरा होता.

खात्याची योजना अशी होती. गरिबांनी शेळ्या पाळाव्यात, त्यावर घर चालवावं. त्यासाठी लांबून, पंजाबकडून, एक उंच, लांब कानांचा बोकड आणायचा. आसपासच्या सात गावांतले गावठी बोकड आधी खच्ची करायचे, म्हणजे सगळी पैदास त्या एकाचीच होईल. शेळीला बोकड लावायला पैसे घ्यायचे नाहीत. त्याबदली पहिल्या वेताची निम्मी करडं सरकारी फार्मला द्यायची.

निम्म्याची भाषा गावाला नवी नव्हती. तिकडे शेळ्या अर्धलीनं पाळतात. शेळी मालकाची, राखणारी दुसरी. करडं झाली की निम्मी मालकाला, निम्मी राखणारीला. गयाबाई याच वाटेनं वर आली होती. तिचा नवरा महादू चिंचा पाडताना झाडावरून पडला आणि त्याची कंबर गेली. त्या दिवसापासून तो बाजेवर. बाईनं लोकांच्या शेळ्या अर्धलीनं राखायला घेतल्या. वाट्याच्या करडांतून चार वर्षांत तीन शेळ्या स्वतःच्या झाल्या. सहा लोकांच्या होत्या. एक बोकडही तिचा, काळाभोर. त्या वर्षीच्या करडांतून तिची दावण भरणार होती आणि अर्धली सुटणार होती. तिच्या डोक्यात तेवढं एकच होतं.

"कशापायी ठिवायचा?" मी विचारलं. मुद्दाम तिच्याच बोलीत, चिडवायला. चार माणसं हसली.

ती हसली नाही. "तुमचा जावई लांबून आलाय. लई देखणा हाय, न्हाई म्हणत न्हाई मी. पर एक डाव शेळ्या गाभण जाऊ द्या त्याच्याकडनं. मग ह्याला धरा. बी उगवतंय का न्हाई ते बघितल्याबिगर आमी समदं वावर पेरत न्हाई."

सरकारी बोकडाला गावानं जावई हे नाव आधीच ठेवलं होतं. त्याला बसायला गोणपाट आणि खायला भरडा लागायचा, प्यायला शिळं पाणी चालायचं नाही.

बाई बरोबर बोलत होती. आणि ती बरोबर बोलते आहे हे त्या लिंबाखाली मला एकट्याला माहीत होतं.

जावई वैशाखाच्या शेवटी आला होता. तीन दिवस रेल्वेच्या मालडब्यात, पुढं दोन दिवस बैलगाडीत. उतरवला तेव्हा त्याचं अंग तव्यासारखं भाजत होतं. आठ दिवस मी त्याच्यावर ओली पोती टाकली. नवव्या दिवशी ताप उतरला, तो खाऊ लागला, शिंगं घासू लागला. आमच्या ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट घोकून घेतली होती. असा मोठा ताप आला की नराचं बी जळून जातं. नवं तयार व्हायला दोन महिने लागतात. तोवर तो शेळीवर चढतो, सगळं रीतसर करतो, पण शेळी गाभण राहत नाही.

मोहतमीम साहेबांनी, म्हणजे आमच्या खात्याच्या जिल्ह्याच्या साहेबांनी, चिठ्ठी पाठवून विचारलं होतं, बकरा कसा पोचला? मी उत्तर दिलं, राजीखुशी पोचला. ताप लिहिला असता तर त्यांनी योजना दोन महिने पुढं ढकलली असती आणि हीच योजना चाललेल्या दुसऱ्या तहसिलीतला सलोत्री माझ्या आधी रिपोर्ट देऊन मोकळा झाला असता. कारण एवढंच होतं. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ दिवस शोधलं, सापडलं नाही.

"हुकूम सगळ्यांना सारखा," मी गयाबाईला म्हणालो. "सोड दावं."

ती सोडेना. पाटील म्हणाले, "गये, सायबाला उशीर व्हायलाय." तरी तिनं दावं सोडलं नाही, उलट बोकड स्वतःच जवळ घेतला. त्याचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं, धडपडून इजा होऊ नये म्हणून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "करा काय करायचं ते."

मी केलं.

शेळी माजावर आली आणि गाभण राहिली नाही, तर एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. त्याला उलटणं म्हणतात. एकविसाव्या दिवशी गयाबाई दवाखान्याच्या पायरीवर हजर.

"सायब, दोन शेळ्या उलटल्या."

"पहिल्या खेपेला होतं असं."

आठवड्यानं परत आली. "समद्या उलटल्या. गावातल्या बी. त्यो जावई रिकामा हाय."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी ओरडलो. दवाखान्यात दोन-तीन माणसं होती म्हणून जास्तच ओरडलो.

ती म्हणाली, "शेळ्यांचे मालक म्हणत्यात, करडं न्हाईत तर शेळ्या कशापायी ठिवाव्या तुज्याकडं? त्यास्नी एवढं सांगा सायब, की चूक माजी न्हाई. तुमी सांगितलं तर ऐकतील."

मी सांगितलं नाही. सांगायचं तर तापाचं सांगावं लागलं असतं. दुसऱ्यांदा शेळ्या उलटल्या त्या आठवड्यात मालकांनी आपापल्या सहा शेळ्या सोडून नेल्या.

हे मला पाटलांनी सांगितलं आणि वर दात काढून म्हणाले, "बाई ऱ्हायलेली तीन शेरडं घिऊन चौसाळ्याला गेलीया. भैन हाय तिची तितं. तुमचा जावई बसलाय हितं भरडा खात."

चौसाळा बीडच्या तहसिलीत. तिथं आमचा हुकूम नव्हता, म्हणजे बोकड शाबूत होते. पण शेळीचा माज एक-दोन दिवसांचा. तो ठरवून येत नाही. नुसतं जाऊन यायचं काम नव्हतं, तिन्ही शेळ्या माजावर येऊन गाभण राहीपर्यंत तिथं मुक्काम करावा लागणार होता. बाई महिनाभर बहिणीच्या पडवीत राहिली, आषाढाच्या चिखलात. मागं महादूला शेजारीण भाकरी द्यायची. एकदा मी त्याच्या दारावरून गेलो. तो बाजेवरूनच रामराम घालत म्हणाला, "सायब, आमची कारभारीन भैनीकडं गेलती, आजून आली न्हाई." त्याला वाटलं, मी तिची चौकशी करायला आलोय. मी मान हलवली आणि पुढं गेलो.

जावयाचं बी दोन महिन्यांनी परत आलं. पुस्तक खोटं नव्हतं. पण तोवर शेळ्यांचा तो हंगाम सरला होता. आमच्याकडच्या शेळ्या मग दिवाळीच्या सुमारासच नीट माजावर येतात. म्हणजे मोहतमीम साहेब पौषात मुआइन्याला आले, तेव्हा सात गावांत दाखवायला करडं होती ती फक्त गयाबाईची. तीन शेळ्यांची पाच. तीन पाटी, म्हणजे माद्या, आणि दोन बोकड. काळी, तुकतुकीत, टणाटणा उड्या मारणारी.

मुआइना म्हणजे इन्स्पेक्शन. साहेब उत्तरेकडचे, मराठीचं अक्षर येत नव्हतं. चावडीपुढं खुर्ची टाकली होती. मी रिपोर्टात आधीच 'शेळ्या गाभण, काम उत्तम' असं लिहून ठेवलेलं होतं. कुठल्या शेळ्या, कोणाकडून, ते लिहिलं नव्हतं.

"ये बच्चे हमारे बकरे के हैं?" साहेबांनी विचारलं.

"जी हुजूर."

साहेबांनी एक करडू उचलून त्याचे कान पाहिले. जावयाचे कान हनुवटीखाली लोंबायचे. करडाचे वीतभर सुद्धा नव्हते. "कान तो छोटे हैं."

"हुजूर, उम्र के साथ लटकते हैं," मी म्हणालो.

आजही हे वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

साहेबांना बहुतेक बाईचं कौतुक करावंसं वाटलं. ते तिच्याकडे वळले. "पूछो इससे, खुश है?"

मी विचारलं. गयाबाई माझ्याकडे नाही, साहेबांकडे बघून म्हणाली, "ही करडं चौसाळ्याच्या बोकडाची हायेत. तितं ऱ्हाऊन आणली मी. तुमच्या बोकडाचं एक बी शेरडू गावात न्हाई."

"क्या बोलती है?"

चावडीपुढं तीसेक माणसं होती. मराठवाड्यातलं गाव ते. बाजारात, कचेरीत दखनी उर्दू ऐकून ऐकून सगळ्यांना समजायची. हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "कहती है, सरकार की मेहरबानी है."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पाटील आपल्या जोड्यांकडे बघत राहिले.

"बहुत खूब," साहेब म्हणाले. "तो आधे बच्चे फार्म के. पांच का आधा... तीन लिख लो."

तोवर मी योजनेतलं निम्म्याचं कलम विसरूनच गेलो होतो. खोटं बोललो ते माझ्या नोकरीसाठी, आणि भरपाई तिच्या दावणीतून निघाली. अजूनही वेळ होती. साहेब शेजारीच बसून चहा पीत होते. मी कसाबसा एवढंच म्हणालो की करडं दुधाची आहेत, दोन महिने आईजवळ राहू द्यावीत. साहेब म्हणाले, ठीक. आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

फाल्गुनात करडं आणायला मलाच जावं लागलं. बरोबर चपराशी आणि गाडी. गयाबाईनं पाचही करडं अंगणात बांधून ठेवली होती. महादू बाजेवर पाठ करून पडला होता.

"निवडा," ती म्हणाली. "निवडायचं काम तुमचं."

मी म्हणालो, "दोनच नेतो. दोन्ही बोकड. तिसरं मेलं असं लिहितो."

ती म्हणाली, "आता माज्यासाठी बी खोटं लिवता व्हय?"

मी उलट विचारलं, "त्या दिवशी साहेबांपुढं पुन्हा का बोलली नाहीस? दखनी येते ना तुला?"

"येती की. तुमच्यापरीस बरी येती." तिनं बोकडांची दावी सोडून माझ्या हातात दिली. "पर उद्या माजं शेरडू पोट फुगून पडलं तर तुमच्याच दारात यायचंय मला. दुसरा सलोत्री कुटं हाय हितं?"

तिच्या आवाजात राग असता तर मी तो घेतला असता. राग नव्हता. चूल, पाऊस, सलोत्री, सगळ्यांशी सांभाळूनच घ्यावं लागतं, असं तिचं बोलणं होतं. मी दोन करडं गाडीत घातली आणि निघालो.

फार्मवर त्या करडांचे कान काही लटकले नाहीत. कुणी विचारलंही नाही. कागदावर ती सरकारी बोकडाची पहिली पैदास होती, आणि कागद मोहतमीम साहेबांच्या सहीचा होता. गयाबाईकडे तीन पाटी राहिल्या. त्यातून पुढं तिनं दावण वाढवली की पुन्हा लोकांच्या शेळ्या अर्धलीनं घेतल्या, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. तेवढं धैर्य नव्हतं.

पुढं तीस वर्षं नोकरी झाली. नव्या सलोत्र्यांना मी शिकवायचो की ताप येऊन गेलेल्या नरावर साठ दिवस विसंबू नका आणि गावातला शेवटचा बोकड कधीही खच्ची करू नका. पोरं वहीत लिहून घ्यायची. हे तुम्हाला कसं कळलं, असं एकानंही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

त्या दिवशी चावडीपुढं तिचं बोलणं जसंच्या तसं साहेबांना सांगितलं असतं, तर काय झालं असतं, याचा हिशेब मी म्हातारपणी पुष्कळदा केला. साहेब चिडले असते. फार तर माझी त्या तहसिलीतून बदली झाली असती. बदली चैत्रात झालीच. बढतीवर झाली, एवढाच फरक.