मालवणी मालवणात

रत्नागिरीत शिरलात की दर दोन दुकानांआड एक बोर्ड दिसेल, 'अस्सल मालवणी'. मालवण इथून गाडीने काही तास लांब, जिल्हासुद्धा वेगळा. पण पर्यटकाला कोण सांगणार? तो पुण्याहून निघतानाच मालवणी खायचं ठरवून येतो आणि आम्ही निमूटपणे तसं नाव देऊन वाढतो. त्यातले निम्मे बोर्ड माझेच. रत्नागिरीजवळच्या पाली गावात, बाजारपेठेत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. लाल अक्षरं, बाजूला पापलेट, खाली मोबाइल नंबर. कोल्हापूरवाल्यांसाठी तांबडा-पांढरा, पोरांसाठी चायनीज, उरलेलं सगळं मालवणी. आमचं स्वतःचं म्हणून काही खाणं आहे, हे जणू कुणाला आठवतच नाही. डोकं फिरतं माझं, पण छापते. पोट त्यावर आहे.

शेजारी चिमाकाकीची खानावळ. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, हंगाम असला तर ओल्या काजूची उसळ. मासा ताजा मिळाला तर मिळाला, नाहीतर नाही. दारावर नुसतं 'खानावळ' एवढंच. काकी तोंडाची फटकळ. कुणी ताटात भाकरी टाकून उठायला लागला की समोर उभी राहणार. "मेल्या, मागताना भूक होती ना?" तो बापडा परत बसून संपवतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा येतो.

पण रस्ता मोठा झाला आणि गाड्या थांबेनाशा झाल्या. काकी आणि तिचा मुलगा विनोद, दोघांचं त्यात भागेना. विनोदने सरळ सांगून टाकलं, असंच चाललं तर मी मुंबईला कॅन्टीनच्या कामाला जातो. काकीचा जीव तिथेच टांगणीला लागला. नवऱ्याची सगळी उमर मुंबईत गेली. आता पोरगा तरी डोळ्यांसमोर राहावा, याच्यापलीकडे तिला काही नको होतं.

अशात सुजय आला. कोल्हापूरचा, बसने टूर काढणारा. दोन वेळा पिठी मागून घेतली, बोटं चाटली आणि म्हणाला, "मावशी, माझ्या बस रोज दुपारी इथे थांबवतो. फक्त बोर्डावर मालवणी टाका."

"मालवणी नाय हे," काकी म्हणाली. "पालीचं आहे."

"पालीचं जेवण म्हटलं तर लोक आधी भिंतीकडे बघतील हो."

विनोद हसला. खोटं कशाला बोलू, मीपण हसले. काकी तेवढी हसली नाही. ताटं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी विनोद माझ्याकडे आला. 'चिमाताईंची अस्सल मालवणी खानावळ'. मी म्हटलं, आईला विचारलंस? म्हणाला, एकदा बस यायला लागल्या की ती काही बोलणार नाही. मी छापून दिला. काकी मासळी आणायला गेलेली बघून त्याने तो फ्लेक्स दारावर बांधला. पाठोपाठ सुजयची पहिली बस आलीच. माणसं आत बसली, पाणी मांडून झालं, आणि काकी टोपली घेऊन परतली.

तिने वाचलं. टोपली माझ्या पायरीवर ठेवली, आतून कोयती आणली, स्टुलावर चढली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या.

"मावशी, काय करताय हे?" सुजय धावत बाहेर आला. "एका शब्दाने असं काय होतं?"

काकी खाली उतरली. "सांगते," ती विनोदकडे बोट दाखवत म्हणाली. "ह्याचा बाप महिपत, मुंबईला एका घरात कामाला होता. त्या घरात रत्नागिरीचा गडी म्हणजे रामा. आधीचा पण रामा, हा पण रामा. त्यांच्या तोंडाला सोपं पडायचं. कायमचा घरी आला, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी अंगणातून हाक मारली, महिपत. दोनदा मारली. हा पडवीत बसलेला, वळून बघेना. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलवतायत." तिने सुजयकडे बघितलं. "एका शब्दाने हे होतं."

विनोदने हे कधी ऐकलंच नव्हतं. पाण्याचा जग हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

"उभा काय राहिलास?" काकी त्याच्यावर खेकसली. "माणसं उपाशी बसलीयत. वाढ. आणि काय वाढतोयस ते सांगून वाढ."

त्याने वाढलं. प्रत्येक ताटापाशी जाऊन सांगितलं, ही पालीची पिठी, ही आमच्याकडची सुकट. लोक पोटभर जेवले, एका बाईने उसळ कशी करता तेही विचारलं. सुजय मात्र गाडीत जाऊन बसला आणि त्याची बस परत कधी थांबली नाही. पुढच्या नाक्यावर त्याने दुसरं हॉटेल गाठलं. त्यांचा बोर्ड छापायला माझ्याकडे आला होता. मी सांगितलं, शाई संपली.

काकीसाठी मात्र मी न विचारता छापला. 'पालीचं जेवण', आणि खाली बारीक अक्षरांत, 'मालवणी मालवणात'. आता लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात, हसतात. काही आत येतात, बरेचसे येत नाहीत. दोघांचं भागेल एवढं होत नाहीच. विनोद मुंबईला गेला. रुसून नाही गेला, पण गेला. जायच्या दिवशी काकीने भाकऱ्या बांधून दिल्या आणि लगेच चुलीकडे वळली. मला रडू आवरेना. राग पण आला, त्या सुजयचा, त्या मुंबईचा आणि थोडा काकीचापण.

परवा विनोदचा फोन आला. काकीचे हात पिठात होते म्हणून मी स्पीकर लावून तिच्यापुढे धरला.

"आई, इथे सगळे मला कोकण्या म्हणून हाक मारतात."

"मग?"

"मी सांगितलं, विनोद नाव आहे. तर हसले."

काकीचे डोळे भरलेले मी बघितले. आवाज मात्र तिने तसाच ठेवला, ताट टाकून उठणाऱ्याला दरडावायची तसा.

"उद्या परत सांग," ती म्हणाली. "हसले तरी सांग."