लाईन असली की चालणारं यंत्र

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत संध्याकाळी सात ते नऊ वीज जाई. बायको बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा बाहेरून देत होती आणि स्वयंपाक आटोपल्यावर अभ्यासाला तिच्याकडे तेवढेच दोन तास होते. कंदिलाच्या धुराने तिचे डोळे चुरचुरत. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. मी घरीच इन्व्हर्टर तयार करतो आणि चार दिवसांत दोन फुटी ट्यूब लावून देतो, असं मी तिला सांगितलं.

मी वर्तमानपत्रात दिवसपाळीला उपसंपादक होतो. विजेचं माझं ज्ञान म्हणजे एका मासिकातली आकृती, आणि ती तीनदा वाचल्यावर आलेला आत्मविश्वास. शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका ट्रकवाल्याकडून ओळखीवर जुनी बॅटरी आणली. ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला. दोन पॉवर ट्रान्झिस्टर आणले आणि त्यांची उष्णता ओढून घ्यायला प्रत्येकाखाली ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी स्क्रूने कसली.

रविवारी दुपारी चाचणी घेतली. ट्यूब दीड तास जळत राहिली. ट्रान्झिस्टर जेमतेम कोमट होते. मी वहीत वेळ टिपून ठेवली.

सोमवारी सातला वीज गेली. सात वाजून बारा मिनिटांनी ट्यूब फडफडली आणि विझली. ट्रान्झिस्टरला बोट लावलं तेव्हा बोटाला फोड आला. बायकोने कंदील पेटवला.

पुढच्या रविवारी ट्रान्झिस्टर बदलून पुन्हा चाचणी घेतली. यश. सोमवारी पुन्हा अंधार. मग मी ट्रान्सफॉर्मर उकलून नव्याने गुंडाळला, आणि तरीही तेच झाल्यावर बॅटरी सायकलला बांधून वाडीला नेली. तिथल्या वायरमनने मीटर लावला, ट्रकचा दिवा लावून पाहिला.

"बॅटरीले काईच झालं नाही, भाऊ," तो म्हणाला. "तिचं नाव कायले घेता गा?"

वहीत एव्हाना तीन पानं भरली होती. कधी, कुठे, किती वेळ, सगळं होतं. बातमीत हे नसेल तर मी ती वार्ताहराला परत देत असे. का, हा रकाना मी आखलाच नव्हता.

परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा बायकोने कंदिलाची काच पुसता पुसता विचारलं, "तुमचं यंत्र लाईन असली की चालते अन् लाईन गेली की बंद पडते. काहून?"

"योगायोग."

"मंग आपला बल्ब काय वाईट हाय? तो बी तसाच चालते."

मी वही उघडली. ती उठली आणि खिडकीजवळच्या माझ्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. खिडकीत खसच्या गवताचे ओले पडदे लावलेला कूलर होता. दुपारी घरात काम करण्यासारखी तेवढीच जागा, म्हणून सगळ्या चाचण्या मी तिथेच घेतल्या होत्या.

"दुपारी इथं खसचा गार वारा लागून राह्यते," ती म्हणाली. "मले तर शाल घ्यावी लागते. संध्याकाळी लाईन जाते, तवा कूलर काय तुमच्या बॅटरीवर चालते?"

मी वही मिटली. पट्ट्या लहान होत्या. त्यांचं काम दर चाचणीला कूलर करत होता. वीज गेल्यावर चालवायचं यंत्र मी वीज असतानाच तपासत होतो.

मोठा पत्रा आणायला सदर बाजारात जावं लागलं असतं आणि दुकानं उघडायला सकाळ व्हावी लागली असती. बायकोने भाताच्या गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, जाड ॲल्युमिनियमचं झाकण पुढे केलं. "घ्या. पण आता दुपारी चालवून पाहू नका."

झाकण करवतीने मधोमध कापलं आणि एकेका अर्ध्यावर एकेक ट्रान्झिस्टर बसवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद कूलरसमोर ट्यूब पूर्ण दोन तास जळत राहिली. ट्रान्झिस्टरवर बोट ठेवून धीम्या गतीने दहा मोजता आले.

निकाल लागला. बायको पास झाली. सुरुवातीच्या पेपरांचा बहुतेक अभ्यास कंदिलावर झाला होता, शेवटच्या दोन पेपरांचा ट्यूबखाली. गुणपत्रिका मी उपसंपादकाच्या सवयीने दोनदा तपासली. शेवटच्या दोन विषयांतच तिला सर्वांत कमी गुण होते.

"उजेडात तुमी सारखे येऊन ट्रान्झिस्टरले बोट लावून पाहत होते," ती म्हणाली. "वाचणं होते का त्यात?"

त्यानंतर वर्षभर आमच्याकडे भाताच्या गंजावर ताटली झाकली जाई.